सुट्या भागांतून सायकल जोडताय? या चुका टाळा

मनासारखी फ्रेम हाती आली की पुढची खरेदी घाईघाईत होते, आणि तिथेच गडबड होते. बसत नाही म्हणून परत गेलेले बहुतेक भाग चांगलेच असतात, फक्त दुसऱ्या मापाचे असतात. म्हणून आधी व्हर्नियर कॅलिपर घ्या.

टायर-रिम घेताना इंचांवर जाऊ नका. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ टायर ६३५ मिमी व्यासाच्या रिमवर बसतो. ७००सीचं रिम ६२२चं, आणि त्यालाही काही जण २८ इंचीच म्हणतात. २६ इंचीतही तेच: २६ × १ ३/८ म्हणजे ५९० आणि २६ × १.७५ म्हणजे ५५९. टायरच्या कडेला ३७-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळलाच पाहिजे. मागचा हब (चाकाचा मधला भाग) घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतरही मोजा. रोड बाइकला बहुधा १३० आणि हायब्रिडला १३५ मिमी असतं.

आटे मारणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. ६८ मिमी रुंदीच्या नेहमीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (फ्रेमच्या तळाशी पायडलच्या दांड्यांचा एक्सल फिरतो ती जागा) उजव्या बाजूच्या कपाचे, म्हणजे आट्यांनी बसणाऱ्या वाटीचे, आटे उलटे असतात. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या सायकलीच्या वेळी तो कप सुलटाच फिरवला, आत जाईना म्हणून पान्याला पाइप लावला. फ्रेमचे आटे गेले. त्या फ्रेमची हळहळ मला अजून वाटते.

तेव्हापासून कुठलाही आट्यांचा भाग पहिले तीन-चार फेरे मी नुसत्या बोटांनी फिरवतो. अडला तर काढतो, आटे पुसतो, ग्रीस लावतो आणि पुन्हा सरळ धरून बघतो. पायडलमध्ये डाव्याचे आटे उलटे. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर उभा धरून पायडल सायकलच्या पुढच्या बाजूला आवळायचे आणि हे कप मागच्या बाजूला. इटालियन फ्रेमला मात्र हा हिशेब लागू नाही. तिची रुंदी ७० मिमी असते आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे.

हँडल खटखटतं

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट जाणवली तर आधी स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळा आणि शेवटी बाजूचे पुन्हा घट्ट करा. बाजूचे घट्ट असताना टोपी कितीही पिळली तरी फरक पडत नाही.

गिअर नीट पडत नाहीत

आधी केबलचं आउटर (बाहेरची नळी) बघा. ब्रेकच्या आउटरमध्ये तार वेटोळ्याची असते, ते गिअरला लावलं तर दाबलं जातं आणि गिअर मधेच अडकतो. उलट चूक तर धोक्याचीच: गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं. ते कधीच लावू नका. चेन स्पोकमध्ये जात असेल तर मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) ‘एल’ स्क्रू थोडा आत घ्या. तरीही गेली तर हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लागतो तो तुकडा) वाकलेला आहे का ते तपासा.

चौकोनी एक्सलच्या क्रँकचे (पायडल लागतो त्या दांड्याचे) बोल्ट पहिल्या ४०-५० किमीनंतर पुन्हा आवळा. सैल क्रँक तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक झिजतं आणि मग तो कितीही आवळला तरी डुगडुगतच राहतो.