जंगलातून वाहून जाणारे नत्र मोजताना या चुका टाळा

मुळशी-पानशेतकडच्या रानातील ओढ्यांवर काम करणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यांचे अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त खटकते ते पहिला पाऊस हुकवणे. उन्हाळ्यात माती सुकते, मुळांकडून नत्राची उचल घटते आणि ते मातीतच साचत जाते. वळवाच्या किंवा मृगाच्या सरींनी माती भिजली की जिवाणू एकदम कामाला लागतात आणि साचलेल्या नत्रात नव्या नायट्रेटची (पाण्याबरोबर सहज वाहून जाणाऱ्या नत्राच्या रूपाची) भर पडते. सुकलेली माती भिजताच होणारी ही उसळी बर्च यांनी १९५८ साली मांडली, म्हणून तिला बर्च परिणाम म्हणतात. एका गटाने रस्ता चिखलाचा झाल्याचे कारण सांगून थेट जुलैच्या मध्यापासून नमुने घेतले आणि या जंगलातून नत्र जवळजवळ जातच नाही, असा निष्कर्ष लिहून मोकळे झाले. पुढच्या हंगामात त्यांना ओढा वाहू लागल्याच्या दिवसापासून, पाणी चढत असताना दर दोन तासांनी बाटली भरायला लावले, तेव्हा पहिल्या लोंढ्यातले नायट्रेट जुलैच्या कितीतरी पट निघाले. धुतलेल्या बाटल्या आणि गाळणकागद मी मेच्या मध्यालाच तयार ठेवतो; सोयीच्या रविवारी घेतलेल्या नमुन्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक म्हणजे तीव्रतेलाच (लिटरमागे किती नत्र) ऱ्हास (हेक्टरी एकूण किती नत्र वाहून गेले) समजणे. लिटरला १ मिलिग्रॅम नत्र असलेले १००० मिलिमीटर पाणी वाहून गेले, तर हेक्टरी १० किलो नत्र जाते. अतिवृष्टीच्या वर्षी तीव्रता निम्मी होऊन पाणी दुप्पट वाहिले, तरी ऱ्हास तेवढाच राहतो. त्यामुळे प्रवाह न मोजता हवामानाच्या परिणामाविषयी बोलूच नये.

प्रयोगशाळेने आकडा नायट्रेटचा दिला आहे की नायट्रेटमधील नत्राचा, हे आधी विचारा, कारण दोहोंत ४.४३ पटींचा फरक असतो. विरघळलेले सेंद्रिय नत्रही, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांत बांधलेले नत्र, मोजा. प्रदूषण नसलेल्या जंगलांत त्याचा वाटा मोठा असू शकतो.

अमेरिकेतील हबर्ड ब्रूकच्या जंगलात मातीला पांघरूण असलेला बर्फ प्रयोगासाठी हटवल्यावर माती गोठली, मुळे मेली आणि नायट्रेटचा निचरा वाढला. तो निष्कर्ष सह्याद्रीला लावण्याची घाई करू नका. आपल्याकडे माती गोठत नाही, ती सुकते आणि भिजते.