पाऊण तासात चौघांचा डबा

सकाळी सहा ते पावणेसात या वेळात १२ पोळ्या, एक भाजी आणि घरी जेवणाऱ्यांसाठी वरण-भात आरामात होतो. दोन शेगड्यांचा गॅस, ५ लिटरचा कुकर, मिक्सर आणि फ्रिज एवढे पुरते. भाजी फोडणीला पडली की शिजायला १०-१५ मिनिटेच लागतात. वेळ खातात ती तिच्या आधीची कामे. गवार मोडणे, लसूण सोलणे, ऐन वेळी दाण्याचे कूट संपलेले निघणे, कुकर उशिरा चढणे. त्यामुळे नुसते हात भराभर चालवून फारसा फरक पडत नाही. कोणते काम आधी केलेले टिकते, कोणते टिकत नाही आणि सकाळी शेगडीवर आधी काय चढवायचे, हे एकदा ठरवून टाकावे.

आठवड्याचे वाटण

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने. उसळ, रस्सा, भरली वांगी, अंड्याची आमटी, सगळ्याला हे एकच वाटण चालते. प्रमाण असे: १ किलो कांदा, १५० ग्रॅम सुके खोबरे, ५० ग्रॅम सोललेला लसूण, २५ ग्रॅम आले आणि ४ मोठे चमचे तेल. चौघांच्या आठ-दहा भाज्या यात होतात.

खोबरे किसून आधी, वेगळे, मंद आचेवर भाजा. कांद्याबरोबर टाकले तर कांदा तांबूस होईपर्यंत ते करपते, आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा मागून कशानेही जात नाही. कांदा उभा पातळ चिरून पसरट कढईत तेलावर परता, सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घाला म्हणजे पाणी लवकर सुटते. कढई लहान असेल तर कांदा दोन खेपांत घ्या. एकदम भरला की तो आपल्याच वाफेत शिजतो, भाजला जात नाही, आणि रस्सा गोडमट लागतो. मध्यम आचेवर २०-२५ मिनिटे लागतात. शेवटच्या ५ मिनिटांत आले-लसूण घाला.

आता सगळे पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटले तर वाफेने मिक्सरचे झाकण उडते, शिवाय वाटण लवकर आंबते. वाटताना पाणी घालू नका. पाते फिरत नसेल तर चमचाभर तेल घाला. तयार वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, वड्या सुटल्या की पिशवीत काढून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगले राहते. खालच्या कप्प्यात ठेवायचे असेल तर चार-पाच दिवसांत संपवा, आणि ओला चमचा त्यात घालू नका.

वापरताना वडी वितळवत बसायची गरज नाही. फोडणी झाली की आच कमी करून दोन-तीन वड्या थेट कढईत टाका. तिखट-मसाला मात्र वडी विरघळल्यावर घाला. आधी टाकलात तर वडी वितळेपर्यंत तो तेलात जळतो आणि भाजी काळपट होते.

ओल्या नारळाच्या वाटणाला हा हिशेब लागू नाही. ते फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या पुढे नेऊ नये. चातुर्मासात किंवा उपासाच्या वारी कांदा-लसूण चालत नसेल त्या घरांनी सुके खोबरे, तीळ आणि थोडे दाणे भाजून कोरडेच दळून ठेवावे. गोड्या मसाल्याबरोबर त्याची आमटी छान होते, आणि कोरडे असल्याने ते टिकतेही जास्त.

याच बैठकीत आणखी दोन कामे उरकतात. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटे भाजून, गार करून, साले पाखडून कूट करा. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवा. दाणे कोमट असताना किंवा सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. आणि रवा आणल्या दिवशीच भाजून ठेवा. त्याला कीड लवकर लागत नाही, उपम्याच्या वेळी निम्मे काम झालेले असते.

लसूण सोलायचा कंटाळा सगळ्यांनाच. पाकळ्या सुट्या करून १० मिनिटे कोमट पाण्यात टाकल्या की साल बोटाने ओढून निघते. आले-लसणाची पेस्ट करताना दोन भाग लसूण, एक भाग आले, चमचाभर मीठ आणि थोडे तेल घ्या. दोन दिवसांनी ती हिरवट झाली तर घाबरून टाकून देऊ नका, तो लसणातल्या गंधकयुक्त घटकांचा रंग आहे, अपायकारक नाही. ही पेस्ट ओट्यावर मात्र कधीच ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात हवेशिवाय वाढणारे घातक जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा.

रात्री काय चिरावे

गवार, घेवडा, फरसबी, गाजर, कोबी या भाज्या रात्री मोडून-चिरून बंद डब्यात ठेवल्या तर सकाळी ताज्यासारख्याच राहतात. फ्लॉवरचे तुरे काढून ठेवावे, पण मिठाच्या गरम पाण्यात सकाळीच घालावे. भेंडीचे तंत्र वेगळे: आधी धुवा, फडक्याने कोरडी करा, मग चिरा. चिरून धुतली की तार सुटते. चिरलेली भेंडी डब्यात खाली कागद घालून, झाकण जरा सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी कढईत कमी चिकटते.

वांगी आणि काकडी रात्री चिरू नयेत. वांगे काळे पडते, काकडीला पाणी सुटते. बटाट्याची भाजी करायची असेल तर तो चिरण्यापेक्षा रात्रीच्या कुकरमध्येच उकडून घ्या आणि सालासकट फ्रिजमध्ये ठेवा. मेथी-पालक फक्त निवडा. धुवायचे नाही, चिरायचे नाही, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे; ओली पालेभाजी एका रात्रीत काळी पडू लागते. कोथिंबिरीचेही तसेच, मुळे कापून कागदात गुंडाळा. मिरच्यांचे देठ काढून, पुसून, कागद घातलेल्या डब्यात ठेवल्या तर दोन आठवडे टिकतात. सडायला सुरुवात होते ती बहुधा देठाकडूनच.

मोडाच्या उसळीचा हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो. मंगळवारी सकाळी मटकीची उसळ हवी असेल तर रविवारी रात्री १ वाटी मटकी भिजत घाला. सोमवारी सकाळी उपसून, सगळे पाणी निथळून, ओलसर फडक्यात बांधा. सोमवारी रात्री मोड आलेले असतील, ते डब्यात काढून फ्रिजमध्ये टाका. थंडीत मोड यायला उशीर होतो, तेव्हा मटकी कोमट पाण्यात भिजवावी आणि बांधलेले फडके झाकण लावलेल्या कॅसरोलमध्ये ठेवावे. आंबूस वास आला तर समजावे की पाणी नीट निथळले नव्हते.

कणीक

१२ पोळ्यांना ३५० ग्रॅम कणीक, साधारण २१० ते २२० मिली पाणी, चवीला मीठ आणि चमचाभर तेल. गिरणीचे जाडसर पीठ थोडे जास्त पाणी पिते. रात्री मळणार असाल तर किंचित घट्ट मळा, कारण पीठ रात्रभर पाणी शोषत राहते आणि सकाळी गोळा सैल लागतो. वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, म्हणजे आत हवा कमी राहील अशी, फ्रिजमध्ये ठेवा. कणीक काळपट पडते ती कोंड्यातले घटक हवेच्या संपर्कात आल्याने. एका रात्रीला काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत नेऊ नका.

फ्रिजमधून काढल्या काढल्या लाटायला घेऊ नका. गार कणीक आखडते, पोळी लाटताना मागे येते, कडा जाड राहतात. उठल्याबरोबर डबा बाहेर काढावा, २० मिनिटांत ती नरम होते.

कुकर

उठल्याबरोबर करायचे दुसरे काम म्हणजे १ वाटी तूरडाळ धुऊन कोमट पाण्यात भिजवणे. दात घासून आवरेपर्यंत ती २० मिनिटे भिजते आणि शिजायचा वेळ बराच कमी होतो.

कुकरच्या तळाला ४०० मिली पाणी घाला. गरम घातले तर शिट्टी आणखी लवकर येते. त्यात लिंबाचे साल टाकले की ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. खालच्या भांड्यात डाळ, अडीचपट पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्या भांड्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी. डाळ खाली ठेवायची कारण ती फेसाळून उतू जाते; वर ठेवली तर पिवळे पाणी भातात उतरते. त्याच कारणाने भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. भातावर ताटली झाकली की झाकणाचे पाणी त्यात ठिबकत नाही.

मोठ्या आचेवर पहिली शिट्टी आली की आच एकदम मंद करा आणि १० मिनिटे ठेवा. बऱ्याच घरांत शिट्ट्या मोजतात, पण त्याला फारसा अर्थ नाही. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणे. कुकरमधले तापमान पूर्ण दाबाला साधारण १२० अंशांवर गेले की मोठ्या आचेने ते आणखी वाढत नाही, फक्त गॅस आणि तळाचे पाणी संपते. घड्याळ लावा.

डाळ अख्खी राहिली तर तीन गोष्टी तपासा. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला होता का? आंबटाने डाळ शिजत नाही, ते नंतर घालावे. पाणी बोअरचे आहे का? जड पाण्यात डाळीचा गर कडक राहतो. पिण्याचे, जड नसलेले पाणी वापरा. डाळ फार जुनी आहे का? मग तास-दीड तास भिजवण्याला पर्याय नाही. शिट्टीच येत नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर झाकणाची रबरी रिंग सैल झाली आहे. १० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवली तर त्या दिवसापुरते काम भागते, पण नवी आणायलाच हवी. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते ना ते पाहा.

सहा ते पावणेसात

६ वाजता मोठ्या शेगडीवर कुकर, लहान शेगडीवर चहा किंवा दूध. तोवर १२ गोळे करून झाकून ठेवा.

६.१० च्या सुमारास शिट्टी होते. आता अदलाबदल: चहा उतरवा, कुकर दोन्ही बाजूंच्या मुठी धरून, न हिंदकळता लहान शेगडीवर मंद आचेला न्या, आणि मोठ्या शेगडीवर तवा ठेवा. वेळ खरा वाचतो तो इथे. कुकर मोठ्या शेगडीवरच राहिला तर पोळ्या लहान शेगडीवर येतात आणि प्रत्येक पोळी मिनिटभर जास्त खाते. शिवाय तवा पुरेसा तापलेला नसला की पोळी भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात तिच्यातले पाणी उडते आणि दुपारपर्यंत ती कडक होते. एक तव्यावर, एक पोळपाटावर असे चालू ठेवले तर १२ पोळ्यांना २५ ते २८ मिनिटे लागतात. चार-पाच एकदम लाटून ठेवू नका, कडा सुकतात आणि पोळी फुगत नाही. घाई असेल त्या दिवशी घडीच्या पोळीऐवजी फुलके करा.

६.२० ला कुकर बंद करून बाजूला ठेवा, लहान शेगडीवर कढई. भाजी फोडणीला टाकली की तिच्यावर खोलगट ताटली झाका आणि ताटलीत पाणी ओता. जुनीच रीत, पण आजही तिला तोड नाही: वाफ त्या ताटलीला लागून परत खाली पडते, भाजी तळाला लागत नाही, आणि वर तापलेले पाणी लागेल तसे भाजीत घालता येते. गार पाणी ओतले तर उकळी मोडते आणि पुन्हा यायला वेळ जातो. या झाकणामुळे तुम्हाला पोळ्यांवरून उठून भाजी सारखी ढवळावी लागत नाही.

६.३५ ला भाजी उतरते. कुकरची वाफ तोवर आपोआप जिरलेली असते. शिट्टी उचलून वाफ सोडण्याचा मोह नको, डाळीचे गरम पाणी उडून हात भाजतो. वरण घोटून लहान शेगडीवर एक उकळी दिली की काम आटोपले.

डबा भरताना

पोळ्या तव्यावरून थेट डब्यात गेल्या तर वाफेचे पाणी होऊन खालच्या दोन चिकट होतात. जाळीवर किंवा सुती फडक्यावर ५ मिनिटे पसरून मग घडी घाला. भाजीही कढईतून ताटात काढून थोडी निववा, नाहीतर गरम बंद डब्यात ती तासन् तास कोमट राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत आंबते. त्या दिवसांत डब्याच्या भाजीत ओले खोबरे घालू नका. उरलेला भात ओट्यावर दुपारपर्यंत ठेवू नका. तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये गेला तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात होतो, आणि त्या सकाळी कुकर फक्त डाळीपुरता लावावा लागतो.