बिल्डिंगमधल्या विटांच्या भिंती भूकंपात काय करतात, आणि आपण काय तपासायचं

आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) बिल्डिंगमध्ये भिंत म्हणजे नुसता आडोसा, लोड सगळा कॉलम-बीम घेतात, असं साईटवर कोणीही सांगेल आणि उभ्या वजनापुरतं ते बरोबरही आहे. पण भूकंप बिल्डिंगला आडवं हलवतो आणि तेव्हा भिंतही त्यात भाग घेतेच. बऱ्याच डिझाईनमध्ये तिचं फक्त वजन धरलेलं असतं, ताठपणा धरलेला नसतो, घोळ इथून सुरू होतो.

होतं काय, तर कॉलम-बीमची चौकट एका बाजूला कलली की समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भिंत दाबली जाते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत फट पडते, म्हणजे भिंतीत एक तिरका टेकू तयार होतो, आणि बिल्डिंग उलट्या बाजूला गेली की टेकू दुसऱ्या कर्णावर जातो. म्हणून भूकंपानंतर भिंतींवर फुलीसारख्या चिरा दिसतात. या टेकूमुळे बिल्डिंग कमी झुलते हा फायदा, पण ताठ झाली की तिच्यावर जोरही जास्त येतो. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडची २०१६ ची सूत्रं घ्या. १५ मीटर उंच, १२ मीटर रुंद बिल्डिंगचा झोका, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, भिंती न धरता साधारण ०.५७ सेकंद येतो आणि भिंती धरून ०.३९. पाया कातळावर असेल तर एवढ्या फरकाने डिझाईनचा जोर ४० टक्क्यांहून जास्त वाढतो. शिवाय तो टेकू कॉलमला बीमलगतच्या टोकाशी आडवा ढकलतो, म्हणून कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा (उभ्या सळयांना बांधणारी आडवी कडी) जवळ जवळ हव्यात, एकमेकींपासून १०० एमएमपेक्षा लांब नकोत आणि हुक १३५ अंशात आत वळवलेले हवेत. कॉलमचं काँक्रीट ओतण्याआधी साईटवर जाऊन हे स्वतः बघा, टेपने मोजा, काँक्रीट पडल्यावर काहीच दिसत नाही.

आता पार्किंग. वरच्या सगळ्या मजल्यांवर भिंती आणि खाली नुसते कॉलम, म्हणजे वरचा भाग एक ताठ पेटी आणि सगळं झुलणं खालच्या कॉलमच्या नशिबी. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब होतं, तरी तिथे खाली पार्किंग असलेल्या कितीतरी बिल्डिंग पडल्या, काहींचा तर खालचा मजलाच चिरडला गेला. आपल्याकडे पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये कितीतरी सोसायट्या याच पद्धतीच्या आहेत आणि कोयना काही लांब नाही, त्यामुळे हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. याच कोडच्या २००२ च्या आवृत्तीने अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट जोरासाठी डिझाईन करायला सांगितलं होतं, २०१६ च्या कोडने अशा मजल्यावर आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग, म्हणजे कॉलममधले तिरके आधार, मागितले. म्हणून फ्लॅट घेताना थेट विचारा की पार्किंगमध्ये शिअर वॉल, म्हणजे त्या आरसीसी भिंती, कुठे आहेत, दोन्ही दिशांना आहेत का, आणि लिफ्टची एकच भिंत एका कोपऱ्यात दाखवत असतील तर पुढचा प्रश्न विचारा, कारण ताठपणा एकाच बाजूला असला की बिल्डिंग पीळ खाते. कोपऱ्यावरची दुकानं, मागे दोन बाजू बंद आणि रस्त्याकडे दोन बाजू शटर, तिथेही हाच त्रास. जुन्या सोसायटीत पार्किंगच्या काही कॉलमच्या मधल्या जागेत पायापासून नवीन भिंत किंवा स्टीलचं ब्रेसिंग टाकता येतं, सोबत कॉलमचं जॅकेटिंगही (बाहेरून नवीन थर देऊन मजबुती) होतं, दोन-तीन गाड्यांची जागा जाईल, जाऊ दे.

अर्धवट भिंतींकडे कोणी बघत नाही. शाळेचा व्हरांडा आठवा, कॉलमच्या मध्ये कमरेपर्यंत भिंत आणि वर मोकळं, किंवा टॉयलेटची वर व्हेंटिलेटरची पट्टी सोडलेली भिंत. भिंतीने धरलेला भाग हलत नाही, उरलेला छोटा तुकडाच हलतो. कॉलमची मोकळी उंची निम्मी झाली की ताठपणा ८ पट होतो, मग तो बाजूच्या पूर्ण उंचीच्या कॉलमपेक्षा कितीतरी जास्त जोर ओढून घेतो आणि तिरका फाटतो. उपाय अवघड नाही, भिंत आणि कॉलममध्ये फट ठेवून त्यात मऊ फिलर भरायचा आणि भिंत पडू नये म्हणून तिला वेगळा आधार द्यायचा, किंवा कॉलमला पूर्ण उंचीत जवळ रिंगा द्यायच्या. कुठलं करायचं ते डिझायनरला आधीच ठरवायला सांगा, गवंडी भिंत चढवायला लागल्यावर नाही.

चार इंच जाडीची लांब भिंत सरळ बाहेरच कोसळू शकते, खाली माणूस असेल तर तीच जीव घेते. तिला मध्ये काँक्रीटची आडवी पट्टी द्या आणि बीमखालची फट नुसत्या प्लास्टरने झाकू नका, नीट भरून घ्या.

आणि हॉल मोठा करायला किंवा तळमजल्यावर दुकान काढायला भिंत पाडताय? बिल्डिंग लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभी, असेल तर हात लावू नका. आरसीसी असेल तरी त्या मजल्यावर वरच्यापेक्षा कमी भिंती उरतायत का ते बघा, एकाच मजल्याच्या भिंती काढल्या की तिथेही पार्किंगसारखीच परिस्थिती होते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा, वरच्या-खालच्या मजल्यांचे प्लॅन दाखवा, त्याचं लेखी पत्र सोसायटीत द्या, मग ब्रेकर लावा.