बेसाल्ट कॉम्प्युटरवर कसा फोडायचा

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत उघडा पडलेला काळा बेसाल्ट पाहिलाय ना, तोच मॉडेलमध्ये फोडायचाय असं समजा. त्यासाठी डिस्क्रीट एलिमेंट मेथड वापरायची, कंडॉल आणि स्ट्रॅक यांचा 1979 चा पेपर प्रसिद्ध आहे, म्हणजे दगड एकसंध ठोकळा न धरता हजारो गोल कण घ्यायचे, शेजारचे कण बाँडने (मॉडेलमधल्या चिकट जोडाने) जोडायचे आणि बाँड तुटला की तिथे बारीक भेग. यादे नावाचं फुकट सॉफ्टवेअर उबुंटूवर चालतं, पायथॉन येत असेल तर जमेल.

खरा जीव कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेलचे आकडे खऱ्या दगडाशी जुळवण्यात आहे. बाँडची ताकद लॅबमध्ये थेट मोजता येत नाही, म्हणून आधी खऱ्या कोअरची (दगडातून कापून काढलेल्या दंडगोल नमुन्याची) दाबाची चाचणी आणि ब्राझिलियन टेस्ट (चकती कडेवर दाबून ताण सोसायची ताकद काढणारी) करून घ्या, मग मॉडेलमध्ये त्याच चालवा, पहिल्यांदा स्टिफनेस (ताठपणा) जुळवा आणि नंतर ताकद. नुसते गोल कण घेतले तर ताण सोसायची ताकद फारच जास्त येते, खऱ्या दगडात ती दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते, तेव्हा कणांचे गठ्ठे करून बघा. एकच आकडा जुळला म्हणून थांबू नका प्लीज, दाबाची आणि ताणाची दोन्ही ताकदी जुळायलाच हव्यात.

लोड हळू द्या. वेग निम्मा करून परत रन करा, ताकद बदलली तर अजून घाई होतेय.

सुटी खडी असेल तर बाँड काढा, घर्षण आणि रोलिंग रेझिस्टन्स (कण गडगडायला होणारा विरोध) ठेवा, आणि ढिगाचा उतार साइटवरच्या खऱ्या ढिगाशी ताडून बघा.