कुलवृत्तांतातलं नातं डीएनए चाचणीने कसं पडताळावं

एक शाखा रत्नागिरीकडची, दुसरी बडोद्याची. आडनाव एक, कुलदैवत एक आणि कुलवृत्तांत म्हणतो मूळपुरुषही एकच. हे डीएनए चाचणीने पडताळता येतं, पण प्रश्न नेमका असेल तरच. म्हणून किट मागवण्याआधी वंशावळ पुढ्यात घ्या आणि डळमळीत वाटणारा दुवा एका वाक्यात लिहा: ‘अमुक दोघे सख्खे भाऊ होते का?’ त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी, जमिनीचे जुने फेरफार आधी चाळून घ्या. कागदावर सुटणाऱ्या गोष्टीसाठी थुंकी कशाला खर्चायची?

मग चाचणी निवडा. बाप-आजा-पणजा अशी पुरुषांची सलग साखळी तपासायची असेल तर वाय-डीएनए, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी. तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. दोन्ही शाखांतला एकेक पुरुष पुरतो. फॅमिलीट्रीडीएनए या चाचणी कंपनीकडे वायवरच्या 37 किंवा 111 ठरावीक जागांची, म्हणजे खुणांची, तुलना होते. 37 पैकी एखाद-दुसरीच वेगळी निघाली तर समान पूर्वज गेल्या काही शतकांतला असण्याचा संभव मोठा. तो नेमका कोण, हे मात्र कागदच सांगणार.

इथे दत्तक विसरू नका. भाऊबंदांतला मुलगा दत्तक आला तर वाय तोच राहतो. मुलीचा मुलगा किंवा दुसऱ्या घराण्यातला आला तर साखळी तुटते. सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये कवळाण्याहून दत्तक गेले, ते गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतून. शाहू महाराज 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, ते कागलच्या घाटग्यांकडून. वाय जुळला नाही म्हणून लगेच कुणाच्या पणजीवर संशय घेऊ नये, तो याचसाठी.

चार-पाच पिढ्यांच्या आतलं नातं, मग ते आईकडचं असो की वडिलांकडचं, ऑटोसोमल (आई-वडील दोघांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या) चाचणीने तपासा. ती दोन्ही बाजूंच्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसांची करा. दर पिढीला पूर्वजाचा वाटा निम्म्यावर येतो, त्यामुळे नातवापेक्षा आजीचा नमुना कितीतरी बोलका. दोघांची चाचणी एकाच कंपनीत हवी. नाहीतर दोघांचाही कच्चा डेटा जीईडीमॅच या वेगवेगळ्या कंपन्यांचे निकाल जुळवून पाहणाऱ्या संकेतस्थळावर चढवा. या कंपन्यांकडे भारतीय नमुने कमी आहेत, तेव्हा अनोळखी भाऊबंद आपोआप सापडतील या भरवशावर राहू नका.

नमुना देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं, पान-तंबाखू, मिश्री सगळं बंद. वयस्करांना नळीभर थुंकी काढणं जिवावर येतं. त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवायचं किट घ्यावं.

ऑटोसोमल निकालात सामायिक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे जुळणाऱ्या डीएनए-तुकड्यांची लांबी मोजायच्या एककात, येतो. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण 850 (400 ते 1400 पर्यंत काहीही), पणजोबा एक असलेल्या चुलत-चुलतांत 230च्या आसपास, त्यापुढच्या पिढीत 75. या शेवटच्या नात्यात दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही, म्हणून शून्य आलं तरी नातं खोटं ठरत नाही.

खरी गोम पुढे आहे. हे आकडे बाहेरच्या घराण्यांत लग्नं होतात असं धरून काढलेले. आपल्याकडे मामाची मुलगी केलेली घरं थोडी नाहीत, आणि पोटजातीबाहेर तर पूर्वी कुणी जातच नसे. मग दूरचा भाऊबंद जवळचा भासतो. त्यावर उपाय म्हणजे एकूण बेरजेवर न भाळता सर्वांत लांब तुकडा पाहायचा. 90 सेंटिमॉर्गनची बेरीज 8-10 सेंटिमॉर्गनच्या बारक्या तुकड्यांची असेल तर ती बहुधा जातीतल्या जुन्या गुंत्याची. त्यातच 40 चा एक सलग तुकडा असेल तर अलीकडच्या पूर्वजाचा शोध घेण्यात अर्थ आहे. 7 च्या खालचे तुकडे सोडून द्या. शक्य असेल तर दोन्ही शाखांतल्या आणखी दोघा-तिघांची चाचणी करा. एका जोडीवर निकाल देणं घाईचं.

नमुना घेण्याआधी प्रत्येकाला स्पष्ट विचारा: नको असलेलं काही निघालं तर कळवायचं का? डेटाचाही विचार करा. 23अँडमी या डीएनए चाचणी कंपनीमधून 2023 मध्ये सुमारे 69 लाख लोकांची माहिती फुटली आणि 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. काम झाल्यावर डेटा पुसायची सोय आहे ना, ते आधीच पाहून ठेवा.

आणि हा कागद घेऊन वाटणीच्या दाव्यात जाऊ नका. घरी घेतलेला नमुना कुणाचा, याची खात्री कोण देणार? तिथे कोर्टाच्या आदेशाने झालेली चाचणीच लागते.