दुर्बिणीचा मोटारवाला माउंट जड फिरतोय? आधी शोधा, मग उघडा

पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेली दुर्बीण दिवाळीच्या सुमारास खाली येते. मोटार चालू केली की माउंट (नळी धरून फिरवणारा आधार) घरघरतो, चार बोटं सरकतो आणि अडतो. बरेच जण तेव्हाच ॲलन कीचा संच काढून माउंट सुटा करायला घेतात आणि मग तो पुन्हा जुळवण्यात थंडी निघून जाते. जडपणा नेमका कुठे आहे ते आधी शोधलं, तर कित्येकदा एकही स्क्रू काढावा लागत नाही.

इथे उदाहरण स्काय-वॉचर कंपनीच्या एचईक्यू-५ या विषुववृत्तीय (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो अशा) माउंटचं घेतलं आहे, कारण हौशी निरीक्षकांत तो बराच वापरला जातो. ईक्यू-५ आणि ईक्यू-६ ची रचनाही साधारण याच धर्तीची. मोटार छोटी दातेरी चाकं फिरवते, ती वर्म (स्क्रूसारखे आटे असलेली दांडी) फिरवतात, वर्म मोठं वर्म-चाक फिरवतो आणि त्या चाकाची गती क्लचमधून (चाक आणि अक्ष जोडणारी-सोडवणारी पकड) अक्षाला मिळते. एचईक्यू-५ च्या वर्म-चाकाला १३५ दाते आहेत. म्हणजे वर्मच्या एका फेऱ्यात अक्ष जेमतेम २.६७ अंश फिरतो. ताऱ्याचा माग घेताना हा एक फेरा ६३८ सेकंदांचा असतो. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी बाहेरच्या गोष्टी

वीज बंद करा. आधी दुर्बिणीची नळी उतरवा, नंतर तोल साधणारी वजनं. क्रम उलटा केलात, तर नळीच्या भाराने अक्ष गर्रकन फिरतो आणि नळी तिपाईवर आपटते. सगळ्या वायरी सोडवा. कॅमेऱ्याची वायर तिपाईच्या पायाला गुंडाळली जाऊन माउंट अडल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगायला हवी. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, मुंबईचा एकोणीस. ध्रुवाकडे रोखलेला अक्ष त्यामुळे जवळजवळ आडवा राहतो, वजनांची दांडी सरळ खाली येते आणि वजन तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला घासतं किंवा ठेचतं. युरोपात ४५-५० अंशांवर बसणाऱ्याला हा त्रास होत नाही, म्हणून तिकडच्या सल्ल्यांत याचा उल्लेख क्वचितच असतो. वजन दांडीवर वर सरकवा (तोल साधायला मग जास्त वजन लागेल) किंवा माउंट आणि तिपाई यांच्यामध्ये उंची वाढवणारा खांब बसवा.

मग वीज. या माउंटला ११ ते १५ व्होल्ट डीसी लागतात आणि पुरवठा निदान २ अँपिअरचा हवा. बॅटरी नुसती ठेवून १२.४ व्होल्ट दाखवते म्हणून खूश होऊ नका. माउंट पूर्ण वेगाने पळत असताना त्याच्या पिनेजवळ मल्टिमीटर लावा. तिथे आकडा ११ च्या खाली जात असेल, तर दोष बॅटरीचा किंवा लांब, बारीक वायरीचा आहे. स्टेपर मोटारीला जोर पुरला नाही की ती जागच्या जागी कटकट करते. तो आवाज ऐकून ‘आत काहीतरी अडकलंय’ असं वाटणं साहजिक आहे, पण अडकलेलं काहीच नसतं.

हाताने चाचपणी

आता विषुवांशाचा, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा, क्लच पूर्ण सैल करा आणि अक्ष हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. नंतर क्रांतीच्या, म्हणजे त्याला काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षाचंही तेच करा.

क्लच सैल असूनही अक्ष जड फिरत असेल, तर मोटार आणि वर्म यांचा संबंध नाही. दोष अक्षाच्या बेअरिंगमध्ये, त्यातल्या वाळलेल्या ग्रीसमध्ये किंवा बेअरिंग दाबून धरणाऱ्या कडीत आहे. अक्ष हाताला हलका लागला आणि क्लच आवळल्यावर मोटार मात्र कण्हत असेल, तर दोष वर्म किंवा छोट्या चाकांत आहे. जडपणा फेऱ्यातल्या एकाच जागी येतो की सगळीकडे सारखा, हेही टिपून ठेवा.

वर्म फार घट्ट बसला असेल तर

माझ्या मते जड माउंटचं सगळ्यात मोठं कारण ग्रीस नसून मालकच असतो. वर्म आणि चाक यांच्यात थोडी मोकळीक असतेच. अक्ष टोकाला धरून हलवला की ती टुक-टुक जाणवते, आणि ती घालवायला माणूस वर्म आवळत सुटतो. चाक कधीच शंभर टक्के गोल नसतं. एका जागी नेमका बसवलेला वर्म अर्ध्या फेऱ्यानंतर दुसऱ्या जागी रुततो.

मोटारीकडचं झाकण काढा आणि वर्मच्या टोकावरचं दातेरी चाक बोटाने फिरवून बघा. ते बोटाच्या जोराने, एकसारखं फिरायला हवं. वर्म चाकाच्या किती जवळ राहावा हे समोरासमोरचे छोटे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) ठरवतात. त्यांना हात लावण्याआधी प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकावर आणि शेजारच्या धातूवर मार्करने एक रेघ ओढा, म्हणजे परत मूळ जागी येता येतं. वर्मची चौकट धरणारे बोल्ट किंचित सैल करा. एक ग्रब स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाइतका सोडा, समोरचा तेवढाच आवळा, बोल्ट पुन्हा कसा आणि बोटाने फिरवून बघा. घाई केलीत तर सगळी मेहनत वाया.

ही जुळवणी करायची ती चाकाच्या सगळ्यात घट्ट जागी. क्लच आवळून, मोटार मंद वेगाने चालवत अक्षाला पूर्ण फेरा मारू द्या. आवाज जिथे बदलतो ती जागा. तिथे केसभर मोकळीक राहिली की बाकी सगळीकडे थोडी जास्त राहील. ती राहू द्या. माग घेताना तोल मुद्दाम पूर्वेकडे किंचित जड ठेवला की दाते एकाच बाजूला टेकून राहतात आणि ही मोकळीक जाणवत नाही.

वर्मच्या टोकाला एक आट्यांची कडीही असते. ती वर्मच्या बेअरिंगवर दाब ठेवते. ती जास्त आवळली गेली की वर्म चाकापासून दूर असला, तरी जडच फिरतो. हाताने आवळून, वर्म पुढेमागे हलत नाही इतपत ठेवा; पान्याचा जोर नको.

मोटार आणि वर्ममधली छोटी चाकं एकमेकांत रुतली असतील, तर साधा उपाय आहे. मोटारीचे स्क्रू सैल करा, दोन चाकांमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी ठेवा, चाकं त्यावर टेकवून स्क्रू कसा, मग चाकं फिरवत पट्टी बाहेर काढा. कागदाच्या जाडीएवढी जागा राहते आणि तेवढी पुरते.

ग्रीस वाळलं असेल तर

बाहेरदेशी लोक ग्रीस थंडीत घट्ट होतं म्हणून बदलतात. आपल्याकडे उन्हाळा नडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत ग्रीसमधलं तेल सुटून झिरपतं आणि मागे चिकट, पिवळट-तपकिरी लगदा उरतो. कोकणात त्यात दमटपणाची भर: वर्म पोलादाचा असेल, तर त्यावर गंजाचे ठिपके दिसतात.

अक्ष सुटा करावाच लागला, तर प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेले वॉशर काढले त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा. जुनं ग्रीस आधी कापडाने पुसा, मग जुना टूथब्रश आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन वापरा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. पेट्रोल वापरू नका. सर्किट बोर्ड आणि प्लॅस्टिकच्या भागांना टर्पेंटाइन लागू देऊ नका.

नवं ग्रीस म्हणून दर्जा क्रमांक २ चं साधं लिथियम ग्रीस चालतं. वर्म-चाकाच्या दातांवर त्याचा पातळ थर हवा. दात त्यातून दिसले पाहिजेत. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक, पण ते वंगण म्हणून टिकत नाही. खोबरेल तर अजिबात नको, डिसेंबरातल्या रात्री ते चक्क गोठतं. क्लचच्या घासणाऱ्या भागाला ग्रीस लावू नका, नाहीतर क्लच आवळूनही नळी घसरत राहील.

जोडताना अक्षाच्या बेअरिंगवरची कडी अक्षातली हालचाल जाईपर्यंत आवळा, मग हलकेच मागे सोडा आणि तिचे कुलूप-स्क्रू बसवा. बेअरिंग धुतल्यावरही बोटांना खरखर लागत असेल, तर ते बदलायचं. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. तो दाखवला की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात तसलंच बेअरिंग मिळू शकतं. स्वस्त माल न घेता नावाजलेल्या कंपनीचं घ्या.

तपासणी

नळी न बसवता माउंट दोन्ही अक्षांवर, दोन्ही दिशांना पूर्ण वेगाने पळवा. नवं ग्रीस पसरायला थोडा वेळ लागतो, तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांतला किरकोळ आवाज मनावर घेऊ नका. आवाज एकसारखा झाला की वजनं, मग नळी चढवा, नीट तोल साधा आणि पुन्हा पळवा.

रात्री खगोलीय विषुववृत्ताजवळचा, दक्षिणेला उंच असलेला तारा जास्त वर्धनाखाली धरा आणि अकरा मिनिटं बघत बसा. तेवढ्यात वर्मचा एक फेरा होऊन जातो. तारा दर ६३८ सेकंदांनी सावकाश मागेपुढे डुलत असेल, तर तो वर्मचा नेहमीचा दोष आहे, जडपणाशी त्याचा संबंध नाही. तो मध्येच थबकून उडी मारत असेल, तर वर्म अजून कुठेतरी रुततोय. मार्करच्या रेघा बघून ग्रब स्क्रू आणखी आठवा भाग सोडा.