मित्राच्या कवितांवर अभिप्राय देताना या चुका टाळा

हौशी कवी असलेल्या मित्राचे हस्तलिखित वाचताना सर्वाधिक फसगत होते ती वाचणारा ओळींऐवजी मित्रालाच वाचू लागतो तेव्हा. कवितेतला विरह कोणाचा हे ठाऊक असल्यामुळे कागदावर न उतरलेला अर्थही त्याला जाणवतो. अनोळखी वाचकाला तो जाणवणार नसतो. म्हणून पहिले वाचन कवीला काहीही न विचारता करावे आणि जिथे खुलाशाची गरज भासेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.

एका रचनाप्रकाराचे नियम दुसऱ्याला लावणे ही चूक जाणकारही करतात. गझलेतले शेर (दोन ओळींचे तुकडे) परस्परांशी जुळत नाहीत, अशी तक्रार होते. वस्तुतः प्रत्येक शेराने स्वतंत्र असणे हाच त्या प्रकाराचा धर्म आहे, आणि तपासायची असते ती मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ठरलेली अलामत (यमकात कायम राहणारा स्वर) पुढे टिकते का, ही गोष्ट. मोठ्या अभंगाच्या 6-6-6-4 अक्षरांत लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरे) मोजणेही तितकेच व्यर्थ.

लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या अक्षरगणवृत्तात मात्र ही मोजणी अटळ असते आणि घाई नडते ती तिथेच. भुजंगप्रयाताच्या प्रत्येक चरणात चार य गण (लघु-गुरू-गुरू अशा तीन अक्षरांचे गट), म्हणजे 12 अक्षरे असतात. ‘सत्य’मधला ‘स’ पुढील जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो, परंतु ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर तसा आघात येत नसल्यामुळे तो लघुच राहतो. हा भेद न पाहणारा टीकाकार निर्दोष ओळीवर खूण करतो आणि नवखा कवी ती निमूटपणे बिघडवतो. उलट वृत्त भरून काढण्यासाठी घातलेले ‘च’, ‘ही’, ‘अहो’ बिनबोभाट सुटून जातात, कारण मोजणीत ते चोख बसतात. अशी ओळ मोठ्याने वाचली की भरती लगेच कानाला खटकते.

मुक्तछंद सलग गद्यासारखा लिहून पाहावा. काहीच हरवले नाही, तर ओळी कशासाठी तोडल्या, हे कवीला विचारावे.

ओळ आपणच दुरुस्त करून देण्याचा मोह सर्वांत घातक असतो, विशेषतः अभिप्राय देणारा स्वतः कवी असेल तर. दुरुस्त ओळ बहुधा त्याच्या शैलीची होते आणि मूळ अडचण तशीच राहते. ‘इथे प्रतिमा समजली, पण ती दुसऱ्या कडव्यात का बदलली ते कळले नाही’ एवढे नेमके लिहिले, तरी कवीला काम करता येते. ‘छान जमले आहे’ या शेऱ्याने ते होत नाही.

एकाच भावाच्या अनेक कवितांपैकी कोणती ठेवावी, हे मात्र अभिप्राय देणाऱ्याने स्पष्ट सांगावे. तो निर्णय एकट्या कवीला सहसा जमत नाही.